बूट कोणाचे? मायर शापिरो, आधुनिक कला आणि राजकारण



आजवर या मालेत मी बहुतेक वेळा तत्त्ववेत्त्यांविषयी बोललो आहे. आजचा माणूस तत्त्ववेत्ता नाही, कलेचा इतिहासकार आहे. मायर शापिरो त्यांचं नाव. जन्म 1904चा, मृत्यू 1996चा. म्हणजे जवळजवळ सगळं विसावं शतक या माणसानं पाहिलं. त्यातली बरीच वर्षं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि शिकवत राहिले. मराठीत त्यांच्याविषयी फारसं बोललं जात नाही. ज्यांनी सौंदर्यशास्त्राचा अभ्यास केला आहे त्यांना हे नाव एका तळटीपेत भेटलेलं असतं. हायडेगरनं व्हॅन गॉगच्या चित्रातल्या बुटांविषयी काहीतरी लिहिलं आणि शापिरोंनी त्याची चूक दाखवली, एवढंच. तिथपर्यंत आपण येणारच आहोत. पण ही तळटीप नीट कळायची असेल तर तिच्यामागची चाळीस वर्षं कळायला हवीत. म्हणून आज क्रमानं जाऊ.

आधी प्रश्न मांडतो. कलेचा राजकारणाशी संबंध काय? मी अनेक वर्षं एम. ए.च्या वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकवलं. हा प्रश्न विचारला की दोन तयार उत्तरं यायची. पहिलं उत्तर, कला ही कला असते, तिच्यात राजकारण आणू नका. दुसरं, सगळंच राजकारण आहे, कलाही तेच. आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावानं ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद इतका गाजला की त्यानंतर दोन्ही उत्तरं आपल्या जिभेवर तयारच असतात. गंमत अशी की दोन्ही उत्तरं देताना चित्राकडे बघावं लागत नाही. चित्र भिंतीवर राहतं आणि आपण एकमेकांशी भांडतो. शापिरोंचं मोठेपण मला यात दिसतं, की त्यांनी ही दोन्ही उत्तरं नाकारली आणि आयुष्यभर चित्राकडे बघत राहून हा प्रश्न विचारला.

आता थोडं चरित्र. शापिरोंचा जन्म लिथुएनियातल्या शाउल्याय गावी, ज्यू कुटुंबात. तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. वडील आधी अमेरिकेला गेले आणि 1907 साली बाकीचं कुटुंब पोहोचलं. ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल या गरीब, स्थलांतरितांच्या वस्तीत हा मुलगा वाढला. घरात समाजवादाची चर्चा असायची. पोरवयातच तो समाजवादी युवक संघटनेत गेला. त्याच वयात संध्याकाळच्या वर्गात जॉन स्लोन या चित्रकाराकडे तो चित्रकला शिकला. ही दुसरी गोष्ट विसरू नका. शापिरो स्वतः रेखाटनं करत, आणि ती सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. हातात पेन्सिल असलेला माणूस चित्राकडे वेगळ्या रीतीनं बघतो.

1920 साली, सोळाव्या वर्षी, ते कोलंबियात दाखल झाले. तिथे त्यांना जॉन ड्यूई भेटले. ड्यूई हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 या काळात त्याच विद्यापीठात होते आणि ड्यूई त्यांचे गुरू होते. पुढे 1934 साली ड्यूईंचा कलानुभवावरचा ग्रंथ आला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी शापिरोंचे आभार मानले आहेत, कारण त्यातली दोन प्रकरणं शापिरोंनी वाचून सूचना केल्या होत्या. शापिरो तेव्हा तिशीचे होते आणि ड्यूई पंचाहत्तरीला आलेले. कला ही जगण्यातल्या अनुभवापासून तोडून काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नाही, हा ड्यूईंचा विचार शापिरोंच्या लेखनात सगळीकडे दिसतो.

शापिरोंचा प्रबंध मात्र आधुनिक कलेवर नव्हता. दक्षिण फ्रान्समध्ये मोआसाक नावाचं गाव आहे. तिथल्या मठात बाराव्या शतकाच्या आरंभीची शिल्पं आहेत. ती रोमनेस्क शैलीतली, म्हणजे गॉथिकच्या आधीची. 1929 साली त्यांनी प्रबंध पूर्ण केला आणि 1931मध्ये त्याचा भाग प्रसिद्ध झाला. तोपर्यंत या शिल्पांतल्या लांबट, वळलेल्या, सपाट आकृत्यांकडे लोक कसे बघत? ‘बिचाऱ्यांना अजून नीट शरीर घडवता येत नव्हतं’, असे. शापिरोंनी एकेक शिल्प घेऊन दाखवलं की इथे कौशल्याची उणीव नाही, वेगळी शिस्त आहे. रेषेला रेषेचं उत्तर आहे, आकृतीला चौकटीचं भान आहे. हे सगळं जाणूनबुजून केलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, मध्ययुगीन मठ आणि आधुनिक कलेचं राजकारण यांचा काय संबंध? संबंध आहे. पिकासो, मातीस यांची चित्रं ज्यानं डोळे उघडे ठेवून पाहिली, त्यालाच मोआसाकची शिल्पं कलाकृती म्हणून दिसू शकली. आणि उलट बाजूनं, ज्यानं मठाची शिल्पं पाहिली त्याला हेही कळलं की कुठलीही शैली आकाशातून पडत नाही.

आता येतो 1930चा दशक. महामंदी आली आहे, लाखो लोक बेकार आहेत, चित्रकारही बेकार आहेत. युरोपात हिटलर सत्तेवर आला आहे. न्यूयॉर्कचे बहुतेक तरुण विचारवंत डावीकडे झुकलेले. शापिरोही त्यांतलेच. ते मार्क्सवादी होते, कम्युनिस्टांच्या नियतकालिकांत टोपणनावानंही लिहीत. 1933 साली जॉन क्वेट या नावानं त्यांनी एका प्रदर्शनाची समीक्षा लिहिली. प्रदर्शन डाव्या कलावंतांचंच होतं, सामाजिक दृष्टिकोनाचं. आपल्याच बाजूचं म्हणून पाठ थोपटतील असं वाटावं, तर शापिरोंनी त्यांच्यावर टीका केली. त्यांचं म्हणणं असं, की चित्रात मजूर रंगवला म्हणून चित्र क्रांतिकारक होत नाही.

1936च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला अमेरिकन कलावंतांची पहिली काँग्रेस भरली. फॅसिझमच्या विरोधात कलावंतांनी एकत्र यावं हा हेतू. तिथे शापिरोंनी कलेच्या सामाजिक पायांवर निबंध वाचला. त्यातला युक्तिवाद आजही ताजा आहे. आधुनिक चित्रकार म्हणतो, मी स्वतंत्र आहे. मला राजा सांगत नाही, चर्च सांगत नाही. मी माझ्या स्टुडिओत मला हवं ते रंगवतो. शापिरो म्हणाले, ठीक. पण तू रंगवतोस काय? सफरचंदं, गिटार, टेबल, स्टुडिओतली मॉडेल, खिडकीतून दिसणारा देखावा. ही सगळी सृष्टी कुणाची आहे? उत्पादन करणाऱ्याची नाही. मोकळा वेळ असलेल्या, बघणाऱ्या आणि उपभोगणाऱ्या खाजगी माणसाची आहे. म्हणजे समाजापासून तुटलेपण हीसुद्धा एका विशिष्ट समाजानं तुला दिलेली जागा आहे.

असं बघा, यात त्यांनी चित्रकाराला दोषी ठरवलेलं नाही. ‘तू भांडवलदारांचा हस्तक आहेस’ असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, तुझं स्वातंत्र्य खरं आहे, पण त्यालाही एक पत्ता आहे.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आल्फ्रेड बार यांनी घनवाद आणि अमूर्त कला यांवर एक मोठं प्रदर्शन मांडलं. बार या संग्रहालयाचे पहिले संचालक. प्रदर्शनाच्या पुस्तकाच्या वेष्टणावर त्यांनी एक तक्ता छापला, तो पुढे फार प्रसिद्ध झाला. वर 1890, खाली 1935. मध्ये वेगवेगळे वाद आणि त्यांना जोडणारे बाण. सगळे बाण शेवटी दोन ठिकाणी येऊन थांबतात, भौमितिक अमूर्त कला आणि अभौमितिक अमूर्त कला. एखाद्या घराण्याची वंशावळ असावी तसा हा तक्ता. एका शैलीच्या पोटी दुसरी, दुसरीच्या पोटी तिसरी.

बार यांच्यावर अन्याय करू नये. नाझी आणि सोव्हिएत सत्ता अमूर्त कलेचा छळ करत आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या छळ सोसणाऱ्या चित्रकारांची आठवण त्यांनी आपल्या पुस्तकात आवर्जून ठेवली आहे. पण तक्त्यात माणसं नाहीत, शहरं नाहीत, युद्ध नाही. पहिलं महायुद्ध त्या कालखंडाच्या मधोमध येतं, ते बाणांच्या मधून निसटून गेलं आहे.

शापिरोंनी उत्तर दिलं 1937 साली, अमूर्त कलेच्या स्वरूपावरच्या दीर्घ लेखात. बार यांचं स्पष्टीकरण साधारण असं होतं, की वस्तूंची हुबेहूब नक्कल करून चित्रकार कंटाळले, म्हणून अमूर्ताकडे वळले. शापिरो विचारतात, कंटाळा हे कारण कसं? कंटाळा आला तर माणूस कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. तो याच दिशेला का गेला? याच वेळी का गेला? लंबक एका टोकाला गेला की परत येतो, हे लंबकाबाबत खरं आहे. माणसं लंबक नव्हेत. एका शैलीची ‘प्रतिक्रिया’ म्हणून दुसरी आली असं म्हणणं म्हणजे स्पष्टीकरण देणं नव्हे, स्पष्टीकरणाची जागा रिकामी ठेवून तिला नाव देणं आहे. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा दोष ओळखीचा वाटेल.

मग त्यांनी स्वतः काय केलं? त्यांनी दृक्‌प्रत्ययवादाकडे बोट दाखवलं. मोने आणि रेन्वार यांच्याविषयी आपण काय ऐकलेलं असतं? प्रकाश, क्षण, सुटे रंग, डोळ्यांवर उमटणारा ठसा. सगळं खरं. पण शापिरो म्हणतात, चित्रात काय चाललं आहे तेही बघा. नौकाविहार चालला आहे, नदीकाठी भोजनं चालली आहेत, बागेत फेरफटका, रस्त्यावरची गर्दी, सुट्टीतला प्रवास. मोनेचं 1869 सालचं ‘ला ग्रनुयेर’ घ्या, पॅरिसजवळच्या नदीवरचं एक पोहण्याचं, मौजेचं ठिकाण. हे नव्या शहरी मध्यमवर्गाचं मोकळं, अनौपचारिक सुख आहे. आणि ज्या रीतीनं ते रंगवलं आहे, कुठेही न थांबणारी नजर, कुणाचाही अधिकार न मानणारे कुंचल्याचे फटकारे, ती रीतसुद्धा त्या सुखाचाच भाग आहे. म्हणजे विषय एका खणात आणि शैली दुसऱ्या खणात, असं नाही. शैलीतच सामाजिक अनुभव आहे.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. 1937 हे वर्ष लक्षात घ्या. त्या वर्षी जुलैमध्ये म्युनिकला नाझींनी ‘विकृत कला’ म्हणून आधुनिक चित्रांची धिंड काढणारं प्रदर्शन भरवलं. सोव्हिएत रशियात 1934पासून समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण झालं होतं. दोन सत्ता, एकमेकींच्या शत्रू, पण चित्रकारानं काय रंगवावं हे सांगण्यात दोघींचं एकमत. अशा वेळी एका मार्क्सवाद्यानं अमूर्त कलेवर लिहिताना तिला ‘बूर्झ्वा विकृती’ म्हणून झटकून टाकणं सोपं होतं. उलट, सत्तेच्या भीतीनं ‘शुद्ध कला’ हा किल्ला करून त्यात लपणंही सोपं होतं. शापिरोंनी दोन्ही केलं नाही. शुद्ध कला म्हणून काही नसतं, असं ते बार यांना म्हणाले. आणि जी कला अनुभवातून येते ती पक्षाच्या हुकमानं बनवता येत नाही, हे त्यांच्या सगळ्या लेखनातून दिसत राहिलं.

योगायोग असा की त्याच 1937 साली आपल्या बा. सी. मर्ढेकरांचं ‘आर्ट्स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक आलं. मर्ढेकर अगदी दुसऱ्या टोकाला. त्यांच्या मते सौंदर्य म्हणजे लयबद्ध रचना, आणि लयीचे नियम म्हणजे संवाद, विरोध, समतोल. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. पण मराठी वाचकाला शापिरो समजावून देताना मला मर्ढेकरांची मदत होते. मर्ढेकर ज्याला लय म्हणतात ती शापिरोही तितक्याच बारकाईनं बघतात. फक्त ते पुढे विचारतात, ही लय याच माणसाला, याच गावात, याच वर्षी का सुचली?

तो प्रश्न त्यांनी सर्वांत सुंदर रीतीनं विचारला तो 1939 साली, स्पेनमधल्या सिलोस या मठाविषयी. तिथे साधारण 1100च्या सुमारास दोन शैली एकाच वेळी नांदत होत्या. एक जुनी, चमकदार सपाट रंगांची, हस्तलिखितांतली. दुसरी नवी, रोमनेस्क, दगडात कोरलेली. एकाच मठात दोन शैली का? शापिरोंनी त्याचा संबंध त्या काळातल्या झगड्यांशी लावला. जुनी स्थानिक उपासनापद्धती मोडून रोमची पद्धती आणली जात होती, शहरं वाढत होती, मठाबाहेर एक नवा ऐहिक समाज उभा राहत होता. आणि मग ते आपल्याला एका शिल्पाच्या वरच्या कडेला नेतात. मध्यभागी गंभीर धार्मिक प्रसंग आहे, संशयी थॉमस ख्रिस्ताच्या जखमेला हात लावतो आहे. पण वर, कमानीच्या माथ्यावर, शहराच्या तटाजवळ, छोटी माणसं आहेत. कुणी शिंग फुंकतो आहे, बायका डफासारखं वाद्य वाजवत आहेत. हे लोक त्या पवित्र कथेत नाहीत. ते तिथे कसे आले? शापिरो म्हणतात, ते आले नव्या शहरातून, आणि ते आणले शिल्पकारानं. धर्माच्या चौकटीत काम करतानाही त्यानं स्वतःच्या जगाला कडेला जागा करून दिली.

आता राजकारणातली कसोटी. ऑगस्ट 1939मध्ये हिटलर आणि स्टालिन यांचा करार झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस रशियानं फिनलंडवर आक्रमण केलं. 1936ची ती कलावंतांची काँग्रेस आठवते ना? फॅसिझम आणि युद्ध यांच्या विरोधात निघालेली संस्था. तिच्या पुढाऱ्यांनी रशियन आक्रमणाचा निषेध करायला नकार दिला. 1940च्या वसंतात शापिरो आणि इतर अनेक जण बाहेर पडले आणि त्यांनी आधुनिक चित्रकार-शिल्पकारांचा वेगळा महासंघ काढला. मार्क रॉथको, अॅडॉल्फ गॉटलीब ही नावं त्यात होती. आपल्या बाजूच्या माणसांना ‘हे चूक आहे’ असं सांगणं विरोधकांना सांगण्यापेक्षा पुष्कळ महाग पडतं. मैत्र्या तुटतात. शापिरोंनी ती किंमत दिली, पण समाजवाद सोडला नाही. 1954 साली ‘डिसेंट’ हे लोकशाही समाजवादी नियतकालिक निघालं, त्याच्या संस्थापक संपादकांत ते होते.

युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये अमूर्त अभिव्यक्तिवाद जन्मला. शापिरो त्याचे नुसते निरीक्षक नव्हते. रॉबर्ट मदरवेल हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकून 1940 साली त्यांच्याकडे कलेतिहास शिकायला आला. शापिरोंनी त्याला सांगितलं, तू चित्रं काढ. आणि युरोपातून आलेल्या अतिवास्तववादी चित्रकारांशी त्याची गाठ घालून दिली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला असा सल्ला देणारा गुरू विरळाच! विलेम डी कूनिंगची गोष्ट तर सगळीकडे सांगितली जाते. ‘वूमन वन’ हे चित्र जमत नाही म्हणून त्यानं टाकून दिलं होतं. शापिरो स्टुडिओत आले, त्यांनी त्या चित्राची चौकशी केली, त्यावर बोलले. डी कूनिंगनं ते परत काढलं आणि पूर्ण केलं. आज ते आधुनिक कला संग्रहालयात आहे.

1957 साली त्यांनी लिहिलं, की यंत्र आणि श्रमविभागणीच्या या समाजात जवळजवळ कुठलीच वस्तू एका माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. चित्र आणि शिल्प या वैयक्तिक हातानं घडवलेल्या शेवटच्या वस्तू आहेत. रंगाचा ओघळ, कुंचल्याची खूण, अपघातानं आलेली रेषा यांचं महत्त्व त्यातून आलं.

इथे प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळू नये. 1936मध्ये जे स्वातंत्र्य त्यांना ‘खाजगी उपभोक्त्याचं’ वाटत होतं, तेच 1957मध्ये त्यांना मुक्तिदायी का वाटलं? सर्ज गिल्बो या अभ्यासकानं 1983मध्ये मांडलं, की न्यूयॉर्कचे डावे टप्प्याटप्प्यानं मार्क्सवादापासून दूर गेले आणि त्यांची अमूर्त कला शीतयुद्धात अमेरिकेच्या कामी आली. ‘बघा, आमच्याकडे कलावंत किती मोकळा आहे’ असं जगाला दाखवायला ती उपयोगी पडली, हे नाकारता येणार नाही. या प्रवासात शापिरोंच्या 1937च्या लेखाचाही हात होता, असं गिल्बोंचं म्हणणं. उलट, टी. जे. क्लार्क यांच्यासारखा डावा कलेतिहासकार मोनेच्या काळावरचं आपलं पुस्तक लिहिताना त्याच लेखापासून सुरुवात करतो. एकाच लेखाचे हे दोन वारस. माझं मत सांगतो. 1957च्या लेखात शापिरोंनी स्वतःचाच जुना प्रश्न पुरेसा विचारला नाही. ही हातानं बनवलेली, मुक्त वस्तू शेवटी कुणाच्या दिवाणखान्यात टांगली जाते, हे 1936च्या शापिरोंनी नक्की विचारलं असतं.

आणि आता ते बूट. हायडेगरनं 1935 साली कलाकृतीच्या उगमावर व्याख्यान दिलं. ते 1950मध्ये छापून आलं. ‘उपकरण’ म्हणजे काय हे सांगताना तो व्हॅन गॉगच्या बुटांच्या चित्राचं उदाहरण घेतो. त्याला त्या बुटांत शेतकरी स्त्री दिसते. तिची जड पावलं, शेताच्या सऱ्या, ओली माती, भाकरीची चिंता, जन्म आणि मरण. वर्णन विलक्षण आहे, वाचताना माणूस भारावतो. आणि शेवटी हायडेगर म्हणतो, हे आम्ही चित्रावर लादलेलं नाही, चित्रच आमच्याशी बोललं.

कुर्ट गोल्डस्टाईन हे कोलंबियातले मज्जाशास्त्रज्ञ. त्यांनी हा निबंध शापिरोंच्या नजरेस आणला. गोल्डस्टाईन जर्मन ज्यू होते. 1933मध्ये नाझींनी त्यांना अटक केली आणि देश सोडण्याच्या अटीवर सोडलं. ते आधी अॅमस्टरडॅमला, मग अमेरिकेला आले. त्याच 1933मध्ये हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि मे महिन्यात नाझी पक्षात दाखल झाला. गोल्डस्टाईन वारल्यावर त्यांच्या स्मृतिग्रंथात 1968 साली शापिरोंनी या बुटांवर एक छोटा लेख लिहिला.

त्यांनी काय केलं? आधी हायडेगरला पत्र टाकून विचारलं, चित्र नेमकं कुठलं? व्हॅन गॉगनं बुटांची अनेक चित्रं काढली आहेत. उत्तर आलं, 1930च्या मार्चमध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पाहिलेलं. त्यावरून शापिरोंनी चित्र शोधलं. ते 1886चं, पॅरिसमधलं. म्हणजे चित्रकार तेव्हा शहरात राहत होता, आणि हे बूट शेतकरणीचे नव्हेत, व्हॅन गॉगचे स्वतःचे आहेत. गोगँच्या आठवणींचा आधारही त्यांनी दिला. तरुणपणी खाणकामगारांत धर्मोपदेशक म्हणून गेलेल्या व्हॅन गॉगच्या पायांत होते त्या बुटांची ती हकीकत आहे. शापिरोंचा निष्कर्ष असा, की हे बूट म्हणजे चित्रकाराच्या जगण्याचा तुकडा आहे, जवळजवळ आत्मचित्र. हायडेगरनं त्यात माती आणि आदिमतेची आपली ओढ ओतली, आणि चित्रात असलेला चित्रकार मात्र त्याला दिसला नाही.

तत्त्वज्ञानातली मंडळी इथे हायडेगरचा बचाव करतात. ते म्हणतात, बूट कुणाचे यानं काय फरक पडतो? उदाहरण चुकलं म्हणून सिद्धांत चुकत नाही. सामान्यतः हे बरोबर आहे. पण हायडेगर ‘समजा, एक शेतकरीण आहे’ असं म्हणत नाही. चित्र बोललं असा त्याचा दावा आहे. आणि चित्र नेमकं तेच बोललं, जे ऐकायला तो आधीपासून तयार होता. रक्त आणि मातीची भाषा बोलणाऱ्या राजवटीत, 1935 साली, एका चित्रातून माती आणि शेतकरीणच का ऐकू आली, हा प्रश्न मग बाहेरचा राहत नाही. तो त्या वाचनाच्या आतलाच प्रश्न होतो.

देरिदानं 1978मध्ये या वादात उडी घेतली. त्याचं म्हणणं, दोघंही बूट परत करायला फार उतावीळ आहेत. एक शेतकरणीला देतो, दुसरा शहरातल्या चित्रकाराला. ही एक जोडी आहे हे तरी कशावरून? दोन्ही बूट डाव्या पायाचे नसतील कशावरून? हा चावरा प्रश्न शापिरोंनाही लागतो, यात शंका नाही. त्यांनाही ज्याच्याविषयी जिव्हाळा होता त्या विस्थापित, शहरी माणसालाच त्यांनी बूट दिले.

तरीही दोघांत एक फरक मला निर्णायक वाटतो. शापिरोंचं विधान खोटं ठरू शकतं. उद्या एखादं पत्र सापडलं, एखादी तारीख बदलली, तर त्यांचा निष्कर्ष पडेल, आणि तो कसा पडेल हे त्यांनीच आपल्याला दाखवून ठेवलं आहे. चित्र कुठलं, वर्ष कुठलं, पुरावा कुठला. हायडेगरचं विधान कशानंही पडू शकत नाही. माझ्या मते राजकीय दृष्ट्या धोकादायक वाचन ओळखायची ही एक खूण आहे. डावं असो की उजवं, जे कुठल्याही पुराव्यानं हलत नाही त्यापासून सावध राहावं.

शेवटचा प्रसंग 1970चा. व्हिएतनाममधल्या माय लाय इथलं हत्याकांड उघडकीला आलं होतं. न्यूयॉर्कच्या कलावंतांनी पिकासोला विनंती करायचं ठरवलं, की ‘गेर्निका’ हे चित्र आधुनिक कला संग्रहालयातून परत घ्या. निरपराधांवरच्या बॉम्बहल्ल्याचं ते चित्र, अशा देशात ते टांगलेलं का असावं? शापिरोंनी सही करायला नकार दिला. ते युद्धाचे समर्थक नव्हते. पण संग्रहालयाला सैन्याच्या गुन्ह्यात सामील ठरवणं त्यांना पटलं नाही. पुष्कळांना तेव्हा वाटलं की म्हातारा मवाळ झाला. मला स्वतःला दोन्ही बाजू समजतात. ‘गेर्निका’ अमेरिकेत टांगलेलं असणं हाच रोजचा निषेध आहे असंही म्हणता येतं. आणि ज्यांची मुलं व्हिएतनामला पाठवली जात होती त्यांना असला युक्तिवाद पुरत नाही, हेही खरं.

शापिरोंनी पुस्तकं कमी लिहिली. व्याख्यानं मात्र अशी, की ऐकायला बाहेरचे चित्रकार येऊन बसत. निवडक लेखांचे खंड सत्तरी ओलांडल्यावर, 1977पासून, निघू लागले. त्यांच्या नावानं कोलंबियात अध्यासन व्हावं म्हणून बारा चित्रकारांनी आपापली मुद्राचित्रं दिली. त्यांत जॅस्पर जॉन्स, लिक्टेनस्टाइन, वॉरहॉल होते. इतिहासकारासाठी चित्रकारांनी असं काही करावं हे क्वचित घडतं.

मला यातून काय घ्यावंसं वाटतं ते थोडक्यात सांगून थांबतो. कलेतलं राजकारण नुसत्या विषयात शोधू नका. ते रचनेत, कडेला, कुणाला जागा दिली आणि कुणाला नाही यातही असतं. दुसरं, ‘हे राजकारण आहे’ म्हणणं हे उत्तर नव्हे, तिथून प्रश्न सुरू होतो. आणि तिसरं, चित्र आपल्याला हवं ते बोलायला लागलं की जरा थांबावं, पाटीवरचं वर्ष वाचावं आणि पुन्हा एकदा चित्राकडे बघावं.

 आता प्रश्न घेऊ या. हायडेगरच्या बाजूनं बोलणारं कुणी असेल तर त्यांनी आधी बोलावं.